एका बाजूनं चपटं झाड

बाबा आमच्याकडे एडमंटनला आले ते नोव्हेंबरात. आईचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. चंद्रपूरच्या घरात ते एकटे काय खातात, दिवसभर काय करतात, हे फोनवरून मला नीट कळत नव्हतं. विचारलं की "बरं आहे" एवढंच म्हणायचे. शेवटी मी तिकीटच काढून पाठवलं.

सगळी नोकरी वनखात्यात गेलेला माणूस. रेंजर म्हणून निवृत्त झाले तोवर रोज कित्येक मैल पायी चालायची सवय. इथे मात्र घराबाहेर पाऊल टाकायचं तर आधी मोजे, बूट, जॅकेट, टोपी, मफलर, हातमोजे चढवायचे, आणि एवढं करून कोपऱ्यापर्यंत गेलं की नाकातला श्वास गोठायचा. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी बाहेर जाणं सोडून दिलं. मी आणि नवरा ऑफिसला, लेक शाळेत. आम्ही संध्याकाळी परतायचो तेव्हा बाबा सकाळी होते त्याच खुर्चीत बसलेले असायचे.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका शनिवारी आम्ही सगळे ग्रोसरीला निघालो होतो. शेजारून एक गाडी गेली. तिच्या टपावर आख्खं हिरवं झाड दोरीनं बांधलेलं होतं. बाबा काचेला नाक लावून बघत राहिले. पुढच्या सिग्नलला तशीच दुसरी गाडी.

"हे काय नेऊन राहिले?" त्यांनी विचारलं.

"ख्रिसमस ट्री, बाबा. घरात उभं करतात."

"खरं झाड?"

"हो, खरं."

"तोडलेलं?"

"हो."

"आणि कोणी अडवत नाही?"

माझा नवरा गाडी चालवता चालवता हसला. पण बाबा गंभीर होते. ज्या माणसानं पस्तीस वर्षं नाक्यावर ट्रक थांबवून लाकडावरची छाप तपासली, त्याच्या डोळ्यांसमोरून लोक भर दुपारी झाडं घेऊन चालले होते.

आमच्याकडे प्लास्टिकचं झाड होतं. बेसमेंटमध्ये खोक्यात ठेवलेलं, दरवर्षी काढायचं, फांद्या उघडायच्या, जानेवारीत मिटून परत खोक्यात. लेकीला खरं झाड हवं असायचं, कारण वर्गातल्या बऱ्याच जणांकडे खरं असायचं. नवऱ्याचं म्हणणं, कचरा फार होतो आणि सुकलं की आगीची भीती. दरवर्षी तो जिंकायचा. त्या वर्षी मात्र घरी परतताना बाबांनी विचारलं, "ही झाडं येतात कुठून? ते बघता येईल का?" येऊन इतके दिवस झाले, पण त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. सासऱ्यांनी मागितलेली. नवऱ्यानं त्याच रात्री इंटरनेटवर पत्ता शोधून ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहराबाहेर तासभर अंतरावरच्या एका शेतावर गेलो. बर्फात ओळीनं लावलेली झाडं, काही माझ्या गुडघ्याएवढी, काही डोक्याच्या वर. शेताचा मालक एका लाकडी खोपटात शेगडीजवळ बसला होता. त्यानं आम्हाला एक करवत दिली आणि म्हणाला, "हवं ते निवडा, कापा, घेऊन या."

बाबांनी करवतीकडे पाहिलं, पण हातात घेतली नाही. आधी त्यांचे प्रश्न होते. ते मराठीत विचारायचे, मी इंग्रजी करून सांगायची. किती वर्षांनी झाड तोडण्याजोगं होतं? तोडलं की त्या जागी काय करता? फुटवा येतो का?

मालकाला असे प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक बहुधा मिळत नसावं. तो उठून आमच्याबरोबर चालायला लागला. ह्या झाडाला बुंध्यातून पुन्हा फुटवा येत नाही, तो म्हणाला. जुन्या खुंटाशेजारी वसंतात नवं रोप लावतो. त्यानं बर्फ बुटानं बाजूला सारून खुंट दाखवला आणि शेजारी वितीएवढं रोप.

बाबा खाली बसून ते रोप बघत राहिले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. "म्हणजे हे जंगल नाही," ते मला म्हणाले. "हे पीक आहे. गव्हासारखं."

मग त्यांनी एक फांदी हातात घेऊन सुया पाहिल्या. ते पाइन होतं. तरुणपणी ट्रेनिंगसाठी हिमालयात गेले होते तेव्हा त्यांनी तिथली चिडीची झाडं पाहिली होती. "हा चिडीचा भाऊबंद," ते लेकीला सांगायला लागले. "चिडीच्या जुडीत तीन सुया असतात. ह्याच्या बघ, दोनच." लेकीनं हातमोजा काढून सुया मोजल्या. मग दुसऱ्या फांदीवरच्या मोजल्या. मग तिसऱ्या. सगळीकडे दोनच निघाल्या आणि दोघंही खूश झाले.

तिला हवं होतं ते झाड मात्र बाबांनी निवडलं नाही. तिनं दाखवलेलं झाड चारी बाजूंनी भरलेलं, अगदी चित्रातल्यासारखं होतं. बाबा तिला ओळीच्या टोकाला घेऊन गेले. तिथे दोन मोठ्या झाडांच्या मधोमध एक झाड दाटीत वाढलं होतं. एका बाजूला फांद्या जवळजवळ नव्हत्याच.

"आजोबा, इट्स फ्लॅट," ती म्हणाली. तिचं मराठी समजण्यापुरतं होतं, उत्तर इंग्रजीतच यायचं.

"म्हणूनच हे न्यायचं. जंगलात आम्ही विरळणी करतो. गर्दीतलं एक झाड काढलं की आजूबाजूची दोन नीट वाढतात. ते चांगलं भरलेलं आहे ना, त्याला राहू दे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नवऱ्याकडे. नवरा म्हणाला, "चपटी बाजू भिंतीकडे करू." करवत त्यानं चालवली. झाड पडताना बाबांनी एक हात खोडावर ठेवला होता. ते बर्फात आपटू नये, अलगद टेकावं म्हणून.

गाडीवर झाड बांधून निघताना त्यांनी मला बजावलं, "पावती वर ठेव. वाटेत कोणी विचारलं तर." वाटेत कोणीच विचारलं नाही. घर येईपर्यंत बाबा रस्त्याकडे बघत होते, मला वाटतं, थोडे निराशच झाले.

झाड उभं करायला लोखंडी तिवई विकत आणली होती. तिच्या मधोमध पाण्याचं भांडं असतं. मालकानं सांगितलं होतं, घरी गेल्यावर बुडखा पुन्हा बोटभर कापा, कारण वाटेत राळ गोठून त्याचं तोंड बंद होतं. बाबांनी तो काप स्वतः केला. गराजमध्ये, अंगावर दोन स्वेटर घालून. झाड उभं राहिलं, भांड्यात पाणी घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भांडं कोरडं होतं.

"गळतंय वाटतं," मी म्हटलं.

बाबांनी तिवईखाली वर्तमानपत्र सरकवलं. कागद कोरडाच राहिला. पुन्हा पाणी घातलं. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर बाबा झाडाखाली पालथे पडले होते, हातात टॉर्च. "पिऊन राहिलं ना हे," ते आतूनच म्हणाले. "मुळं नाहीत, आणि पिऊन राहिलं."

त्या दिवसापासून बाबांना काम मिळालं. सकाळी उठलं की आधी झाडाला पाणी, मग स्वतःचा चहा. आधी गार पाणी घालून पाहिलं, मग कोमट. कुठलं जास्त पितं ते बघायचं. खोलीतला फर्नेसचा झरोका अर्धा बंद केला, कारण गरम वारा सरळ झाडावर येत होता. माझा नवरा रोज संध्याकाळी काळजीनं सुयांना हात लावून बघायचा. बाबांनी त्याला एक सुई दुमडून दाखवली. "वाकते ना? मोडत नाही ना? मग भीती नाही. जळण ते, जे कडकन मोडतं."

खोलीत वास इतका भरला होता की दार उघडलं की जंगलात पाय ठेवल्यासारखं वाटायचं. लेकीनं दिवे लावले, कागदाच्या चांदण्या लावल्या. पंचवीस तारीख आली आणि गेली, भेटी उघडून झाल्या. प्लास्टिकच्या झाडाच्या वेळी मी पुढच्या आठवड्यात आवरून टाकायची. ह्या वेळी मला हात लावायची हिंमत होईना, कारण बाबा अजून रोज पाणी घालत होते.

नवं वर्ष लागल्यावर मागच्या गल्लीत झाडं दिसायला लागली. आमच्याकडे घरांच्या मागून एक अरुंद गल्ली जाते. कचऱ्याची गाडी तिथूनच येते. जानेवारीत लोक झाडं तिथेच आणून टाकतात, महापालिकेचा ट्रक ती नेतो आणि त्यांचा भुसा करून मातीत घालतो. बाबांनी खिडकीतून ती झाडं पाहिली आणि पहिल्यांदा, कोणी न सांगता, सगळे कपडे चढवून एकटे बाहेर पडले.

त्यांनी काय केलं ते मला नंतर कळलं. प्रत्येक झाडापाशी थांबून त्यांनी सुया दुमडून पाहिल्या. कुठलं कोरडं, कुठलं ओलं. बुडखे तपासले. एकाच्या फांदीला चंदेरी झिरमिळी अडकली होती, ती सोडवून खिशात घातली. आमच्या डाव्या हाताला राहणाऱ्या बाईंनी हे सगळं स्वयंपाकघरातून बघितलं.

बाई पंच्याहत्तरीच्या असतील. त्यांचे आजी-आजोबा युक्रेनहून इथे शेती करायला आले होते, एवढं मला माहीत होतं. नवरा तीन-चार वर्षांपूर्वी गेला होता. आमचं बोलणं कुंपणावरून व्हायचं, बर्फ शोव्हल करताना, हवेबद्दल. त्या दिवशी बाई अंगावर कोट टाकून गल्लीत आल्या आणि बाबांना विचारलं, तुमचं काही हरवलंय का?

बाबांचं इंग्रजी सरकारी अहवालातलं. समोर कागद असला की चालायचं, समोर माणूस असला की अडायचं. तरी त्यांनी सांगितलं. मी झाडं बघतोय. आमच्या घरी एक आहे, अजून ताजं आहे. फेकायचं नाही. बाई म्हणाल्या, इतक्यात फेकायचंच कशाला? आमचा ख्रिसमस तर अजून यायचाच आहे.

बाबा घरी आले तेव्हा नाक लाल झालं होतं आणि काहीतरी नवीन सांगायचं आहे हे चेहऱ्यावर दिसत होतं. "तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं. "ह्यांचा ख्रिसमस सात जानेवारीला असतो. जुन्या पंचांगाप्रमाणे."

सात वर्षं शेजारी राहून मला माहीत नव्हतं.

"बाईंकडे झाड आहे?"

"नाही. नवरा आणायचा. आता गुडघे दुखतात." मग मफलर काढत म्हणाले, "आपलं देऊ या का? चांगलं पितंय अजून."

लेकीला आधी पटलं नाही. ते झाड तिचं होतं. बाबांनी तिला समजावलं नाही. फक्त सांगितलं की चपटी बाजू कुठे करायची हे तिथे जाऊन कोणीतरी दाखवायला लागेल. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः चांदण्या काढल्या.

झाड तिच्या प्लास्टिकच्या घसरगाडीवर आडवं घातलं. नवरा पुढे ओढत, लेक मागून धरून, बाबा बाजूनं चालत, असे ते आमच्या अंगणातून बाईंच्या अंगणात गेले. थंडीत तोंड पुन्हा बंद झालं असेल म्हणून बाबांनी बाईंच्या दारातच बुडख्याची आणखी एक पातळ चकती कापली. ती त्यांनी लेकीच्या हातात दिली. "मोज. एक वलय म्हणजे एक वर्ष." तिनं बोटानं मोजलं, चुकलं, पुन्हा मोजलं. झाड तिच्याच वयाचं निघालं, फार तर एखादं वर्ष मागेपुढे. ती बराच वेळ चकतीकडे बघत होती. "सो व्हेन आय वॉज अ बेबी, इट वॉज अ बेबी," ती म्हणाली.

बाईंची बसायची खोली लहान. सोफा, कपाट आणि शिवणाच्या मशीनमध्ये जेमतेम जागा होती. चपटी बाजू भिंतीला लागली आणि झाड तिथे असं बसलं, जणू मापानं केलेलं. भरलेलं झाड मावलंच नसतं.

बाईंनी आम्हाला सहा तारखेच्या संध्याकाळी जेवायला बोलावलं. त्यांचा मुलगा कॅल्गरीला असतो. तो बायकोमुलांना घेऊन पंचवीस डिसेंबरला येऊन गेला होता. सहा जानेवारीला त्याची सुट्टी नसते.

त्या संध्याकाळी टेबलक्लॉथखाली वाळलेलं गवत पसरलेलं होतं. कोपऱ्यात गव्हाच्या लोंब्यांची पेंढी उभी होती. बाबा आल्या आल्या तिकडेच गेले, एक लोंबी तळहातावर घेऊन दाणे बघायला लागले. मांस-मटण काहीच नव्हतं, ह्या जेवणात चालत नाही म्हणे. बीटचं लालभडक सार, बटाटा भरलेले उकडीचे कान्होले, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात. एक मासा होता, तो बाबांनी नम्रपणे पुढे सरकवला. सगळ्यात आधी बाईंनी प्रत्येकाच्या ताटलीत चमचाभर काहीतरी वाढलं. उकडलेले गहू, मध आणि खसखस.

बाबांनी एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. "ही गव्हाची खीर आहे," ते मला मराठीत म्हणाले. "गूळ नाही, मध आहे. बाकी तीच."

टेबलावर एक ताटली जास्तीची होती, तिच्यातही चमचाभर गहू वाढलेले. समोर रिकामी खुर्ची. बाबांनी मला हळूच विचारलं, "अजून कोणी यायचं आहे का?" मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, ही जे गेले त्यांच्यासाठी. माझा नवरा, माझे आईवडील. ह्या रात्री ते येतात असं आमच्यात म्हणतात.

मी बाबांना सांगितलं, "पितरांचं पान आहे, बाबा."

त्यांनी त्या ताटलीकडे पाहिलं. मग मान वर करून, माझ्याकडे न वळता, थेट बाईंना इंग्रजीतच म्हणाले, "माय वाइफ ऑल्सो. मोर दॅन वन इयर."

बाई उठल्या, भांड्यातून आणखी एक चमचा गहू घेतले आणि त्या ताटलीत पहिल्या घासाशेजारी वाढले. मग विचारलं, त्यांना काय आवडायचं?

"स्वीट," बाबा म्हणाले.

बाईंनी मधाची बरणी उचलून त्या दुसऱ्या घासावर धार धरली. बरीच धरली. आई गेल्यापासून बाबांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग बाईंनी सार वाढलं आणि आम्ही जेवलो. बाबांनी गहू दोनदा मागून घेतले.

झाड बाईंकडे आणखी दोनेक आठवडे राहिलं. बाबा रोज सकाळी पाणी घालायला जायचे. गुडघ्यामुळे बाईंना वाकवत नव्हतं, हे कारण होतं. परत यायला त्यांना तासभर लागायचा. दोघं काय बोलायचे मला माहीत नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "त्या मला भाज्यांची नावं सांगतात, मी त्यांना सांगतो."

सण पुरता संपल्यावर झाड हलवायची वेळ आली, तोवर महापालिकेचा ट्रक येऊन गेला होता. नवरा म्हणाला, "मी गाडीवर टाकून कचरा केंद्रावर नेतो." तो आणि मी बाईंकडे गेलो तेव्हा बाबा फांद्यांच्या टोकाशी डोळे नेऊन उभे होते. टोकांवरचे कळे फुगले होते. दोन-तीन ठिकाणी फिकट हिरवी कांडी बाहेर आली होती, नखाएवढी.

"ह्याला वाटून राहिलं, उन्हाळा आला," बाबा म्हणाले. "आता बाहेर नेलं की मरेल."

"बाबा, ते डिसेंबरातच मेलंय," नवरा म्हणाला.

"मग इतके दिवस पाणी कोण पीत होतं?"

मी हे बाईंना इंग्रजीत सांगितलं. बाईच म्हणाल्या, झाड माझ्या मागच्या अंगणातच राहू दे. त्यांचा नवरा दरवर्षी तेच करायचा. बाहेर उणे पंचवीस होतं. बर्फाच्या ढिगात खड्डा करून झाड उभं रोवलं, भोवती बर्फ ठोकला, वर पाणी ओतलं. काही मिनिटांत ते सिमेंटसारखं घट्ट झालं. बाईंनी फांद्यांना चरबी आणि दाण्यांचे गोळे बांधले.

दोन दिवसांत काळ्या टोपीचे, अंगठ्याएवढे पक्षी यायला लागले. बाबांनी खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीशी ओढली. एवढासा जीव रात्रभर ह्या थंडीत कसा जगतो, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. लेकीनं शाळेच्या लायब्ररीतून पक्ष्यांचं पुस्तक आणलं. ती वाचून इंग्रजीत सांगायची, ते मराठीत आणखी प्रश्न विचारायचे, ती पुन्हा पानं उलटायची. कधी नव्हे ते तिला मराठी शब्द आठवावे लागत होते.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि झाड आडवं झालं. सुया तांबूस पडल्या होत्या, आता दुमडल्या की मोडत होत्या. बाबांनी फांद्या उतरवल्या आणि बाईंच्या चिखल झालेल्या पायवाटेवर अंथरल्या. खोड मात्र त्यांनी ठेवलं. फांद्यांचे बोटभर खुंट राखून ते त्यांनी भाजीच्या वाफ्यात रोवलं, घेवड्याच्या वेलासाठी. वेल लावायच्या आधीच त्यांचं परतीचं तिकीट होतं. निघताना बाईंनी त्यांना बियांची पुडी दिली. विमानतळावर चालणार नाही म्हणून बाबांनी ती मला परत दिली, आणि मी ती बाईंना.

ऑगस्टमध्ये एका सकाळी मी चंद्रपूरला फोन लावला, तिकडे रात्र झाली होती. इकडचं तिकडचं झाल्यावर सांगितलं की घेवडा पार खोडाच्या टोकापर्यंत गेलाय, वर लाल फुलं आली आहेत.

"कुठल्या बाजूनं वळत चढला?" बाबांनी विचारलं.

मला काय माहीत? फोन घेऊन तशीच कुंपणापर्यंत गेले. बाई वाफ्यात होत्या. मी त्यांना विचारलं. त्या खोडाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, जन्मभर घेवडा लावतेय, पण हे कधी पाहिलं नाही. आम्ही दोघींनी वाकून पाहिलं. समोरून बघितलं तर प्रत्येक वेल डावीकडून उजवीकडे चढत गेला होता. एकही उलटा नव्हता.

बाबांना सांगितलं.

"आपल्या अंगणात वालाचा वेल आहे," ते म्हणाले. "थांब, टॉर्च घेऊन बघून येतो."

फोन त्यांनी तसाच टेबलावर ठेवला. चपलांचा आवाज दूर गेला, मागचं दार उघडल्याचं ऐकू आलं. बाईंनी मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बघायला गेलेत. त्या वाफ्याच्या कडेला बसल्या, आणि आम्ही दोघी थांबून राहिलो.